दुखवट्याचा हळदी कुर्ता

आधीच माफी मागून ठेवतो. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. नववीत शाळा सुटली, तिथंच ऱ्हस्व-दीर्घही सुटलं. शब्दही साधेच आहेत माझे, घरात बोलतो तेवढेच. वाचताना कुठं अडखळलात तर चूक माझी समजा आणि पुढं चला. पण आज जी चूक सांगायला बसलोय ती वेलांटीची नाही. वेलांटी चुकली म्हणून कुणी मरत नाही. माझ्या चुकीनं बीडमधला एक धडधाकट माणूस पाच दिवस मेलेला होता.

हसू नका. म्हणजे हसा, सगळेच हसतात. चहा घेता घेता हा किस्सा कुणी काढला की माझ्या कानाच्या पाळ्या अजून गरम होतात.

आमचं गाव पालीच्या पलीकडं, रस्त्यापासून बरंच आत. त्या साली धरणाच्या पोटात जिथं आम्ही पोहायला शिकलो तिथं मेंढरं बसायची. भादवा लागला तरी जमिनीतली भेग मिटली नव्हती. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, कधी चौथ्या. लोक एकमेकांशी बोलणंसुद्धा कमी करत चालले होते, जणू बोलायलाही पाणी लागतं.

अशा गावात आमच्या बायकांची एक शिवणकामाची सहकारी संस्था. बारा सभासद, सात मशिनी. त्यातल्या दोन चालताना अशा ओरडायच्या की शेजारची शेळी उठून जायची. चेअरमन कौसाबाई. वय साठीचं, अंगठ्याची सही शिकून पुढं नावाची सही शिकलेली बाई. आणि सचिव मी, दत्तू. सचिव कसा झालो म्हणाल, तर अक्षर बरं म्हणून. प्रोसिडिंग बुकात ठराव लिहायचे, शिक्के मारायचे, बीडला माल दाखवायला जायचं. पहिली दोन कामं मला जमायची. तिसऱ्यात तोंड उघडावं लागायचं.

कपड्यांना आम्ही नाव दिलं होतं ‘तरवड’. तरवड तुम्हाला माहीत असेल. बांधावरचं झुडूप, गुरंही तोंड लावत नाहीत, पण पाऊस येवो न येवो, पिवळंधमक फुलतं. नाव माझ्या वहिनीनं सुचवलं. रेखावहिनी. रंगही तिचेच. हळदीवर राणी रंगाचा काठ, पोपटीवर जांभळं ठिगळ, डाळिंबी बाह्या आणि मोरपंखी गळा. गोधडी शिवणाऱ्या हाताला कापडाचा तुकडा टाकवत नाही, तसं सगळं जोडून जोडून कुर्ते व्हायचे. वाळत घातले की सगळ्या पिवळ्या-करड्या शिवारात तेवढंच डोळ्याला लागायचं.

वहिनी स्वतः मात्र राखेच्या रंगाची साडी नेसायची. माझा भाऊ, आम्ही त्याला अण्णा म्हणायचो, दोन हंगामांपूर्वी ऊसतोडीवर ट्रॉलीखाली सापडला. तेव्हापासून वहिनी रडलेली मी पाहिली नाही. मशीन चालवायची, बस.

आता मुकादम परत दारात येऊन बसला होता. ऊसतोडीला एक कोयता म्हणजे नवरा-बायको. वहिनीला जोडी नाही, तर मुकादम म्हणाला, दीर-भावजय मिळून एक कोयता धरतो, घट बसायच्या आत काय ते सांगा. गेलो की सहा महिने उसाच्या वाळल्या पाचटाच्या खोपीत, आणि अण्णाची पिंकी, पाचवीतली, तिचीही शाळा तिथंच संपणार. जशी माझी संपली. वहिनी मला एवढंच म्हणाली होती, “दत्तू, ती बीडची बाई आपले कपडे घेती का बघ. न्हाई घेतले तर मी मुकादमाला हो म्हनते.”

म्हणजे बघा, सगळं एका बाईवर आलं होतं.

त्या बाई म्हणजे शैलाताई. बीडच्या बाजारामागच्या गल्लीत त्यांचं बुटीक, पुढं दुकान, मागं घर. गिऱ्हाईक सगळं नोकरदार. शिक्षिका, नर्सबाया, बँकेतल्या मॅडम. दुकानात रंग कोणते, तर बिस्किटी, राखाडी, मोतिया, आणि चौथा एक, ज्याला मी नाव देऊ शकत नाही, पण धुतल्यावर पायपुसण्याचा होतो तो. श्रावणात कौसाबाई एकदा जाऊन आल्या होत्या. ताईंनी कुर्ते बघून डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, फार भडक आहे हो, माझ्या बायका असलं अंगाला लावत नाहीत. पण शिलाई नीट आहे, अजून काही केलं तर दाखवा. त्या ‘दाखवा’वर आम्ही महिनाभर जगत होतो.

तर मी गेलो. पिशवीत तीन कुर्ते, डोक्यात पाठ केलेलं वाक्य. ‘नमस्कार ताई, मी तरवडकडून आलो.’ जीपमध्ये बसून पन्नास वेळा म्हटलं असेल.

गल्लीत पोचलो तर शटर अर्धं खाली. वाकून आत गेलो. आत अंधार. भिंतीला टेकून दोन बायका खाली बसलेल्या, हनुवटीला हात लावून, एक शब्द नाही. गल्ल्यामागं शैलाताई. डोळे लालभडक, सुजलेले. कपाळ मोकळं, कुंकू नाही. आणि त्यांच्या डोक्यावर भिंतीला एका माणसाचा मोठा फोटो, खाली लिहिलेलं, ‘विद्यार्थ्यांकडून आदरपूर्वक’. फोटोला चंदनाचा हार.

आता तुम्हीच सांगा. तुम्हाला काय वाटलं असतं?

आमच्या घरात अण्णाच्या फोटोला तसाच हार आहे. त्याचा वास मला झोपेतही ओळखू येतो. माझं पाठ केलेलं वाक्य पोटात गेलं ते गेलंच. मी पिशवी मागं लपवली आणि त्या दोन बायकांच्या शेजारी खाली मान घालून बसलो.

मयताच्या घरी कसं वागायचं हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, ते येतंच. रामराम करायचा नाही. कामाचं बोलायचं नाही. पाणी पुढं केलं तर घ्यायचं नाही. थोडा वेळ बसायचं आणि उठताना ‘येतो’ म्हणायचं नाही, कारण तसल्या कारणानं परत कुणी येऊ नये. मी सगळं बिनचूक केलं. ताईंनी विचारलं, कुठून आलात, मी नुसती मान हलवली. त्यांनी अर्धा पेला पाणी पुढं केलं, मी हातानंच नको म्हटलं. दहा मिनिटं बसलो. मग उठलो आणि काही न बोलता शटरखालून वाकून बाहेर पडलो.

बाहेर आल्यावर मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटलं. माल विकायला गेलतो, पण माणुसकी सोडली नाही, असं.

गावात बायका मशिनी थांबवून वाट बघत होत्या. वहिनीनं पिशवीकडं पाहिलं. ती जशीच्या तशी भरलेली.

“दाखवले न्हाईत?”

मी म्हणालो, “त्यांचे मालक वारलेत.”

त्या मरणाबद्दल मी माझ्या तोंडानं बोललेलं एवढं एकच वाक्य. बाकीचं सगळं इतरांनी केलं. कुणी विचारलं, आजारी होते का? मी खांदे उडवले. तर दुसरी म्हणाली, हार्टनं गेले असतील, शहरात हार्टच असतंय. मी काही बोललो नाही. तिसरी म्हणाली, कौसाबाई सांगत हुत्या मास्तर होते म्हनून, लई चांगला मानूस असंल. मी मान डोलावली, फोटो तर पोरांनीच दिला होता. दिवे लागेपर्यंत सर हार्टअटॅकनं, शाळेत शिकवता शिकवता, हातात खडू असताना गेले होते. मलाही ऐकून वाईट वाटलं.

फोन करून विचारावं असं कुणाच्या मनात आलं नाही का? आलं. मीच हळूच म्हणालो. कौसाबाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की बस. “फोनवर कुनी भेटायला जातंय का रे? तोंड दाखवायला जावं लागतंय.”

पण त्याआधी संस्थेची रीत. कौसाबाईंचा रीतीवर फार जीव. दुसऱ्या दिवशी तातडीची सभा बोलावली. दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहायची ठरली, पण घड्याळ कुणाच्याच हातात नव्हतं. कौसाबाई ‘बसा’ म्हणेनात आणि कुणी बसेना. शेवटी टँकरचा हॉर्न वाजला तशी श्रद्धांजली संपली, घागरी उचलून सगळ्या पळाल्या. मी एकटाच उभा राहून ठराव लिहिला. ‘ठराव क्रमांक चार. शैलाताई यांचे पती आदरणीय सर यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाल्याबद्दल ही सभा तीव्र दुःख व्यक्त करते. सूचक कौसाबाई, अनुमोदक रेखाबाई. सर्वानुमते मंजूर.’ त्याची एक नक्कल काढली, गोल शिक्का मारला. अक्षर त्या दिवशी विशेष चांगलं आलं होतं.

मग दुखवट्याचा प्रश्न निघाला. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून पिठलं-भाकरी न्यायची. घरटी मूठ मूठ पीठ जमा झालं. त्या दिवसांत मूठभर ज्वारी म्हणजे काय, ते ज्यानं दिली त्यालाच माहीत. आणि बाईला दुखवट्याचं वस्त्र. कौसाबाई म्हणाल्या, एखादी पांढरट साडी बघू कुणाकडं आहे का. तेव्हा वहिनी उठली. माझ्या पिशवीतला हळदी कुर्ता काढला, राणी काठाचा, तिचा सगळ्यात चांगला, आणि नीट घडी घालून भाकरीच्या टोपलीशेजारी ठेवला.

“आगं, बाईचा नवरा गेलाय,” कौसाबाई म्हणाल्या.

“म्हनूनच,” वहिनी म्हणाली.

पाचव्या दिवशी आम्ही निघालो. काळी-पिवळी जीप, सात बायका, पुढं मी, मांडीवर पिठल्याचं पातेलं, खिशात ठराव.

आमच्याकडं भेटायला जाताना बायका दारात पोचून रडत नाहीत. गल्लीच्या तोंडापासून सूर धरतात, म्हणजे घरच्यांना कळतं कुणी आलंय. कौसाबाईंचा सूर पंचक्रोशीत नावाजलेला. त्यांनी मेडिकलच्या कोपऱ्यावर पदर तोंडाला लावला आणि सुरू केलं. मागं सहा जणी. पानवाल्यानं आधी टपरीची फळी पाडली आणि मग शेजाऱ्याला विचारलं, कोण गेलं? शेजारी म्हणाला, सरांच्या घराकडं चालल्यात. समोरच्या किराणावाल्यानं शटर ओढलं. माणसं चपला घालून बाहेर पडली. बुटीकपर्यंत जाईतो आमच्यामागं तीस-चाळीस माणसं जमली होती, आणि त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं कोण मेलंय.

बायका आत गेल्या. मी दाराशीच राहिलो, पातेलं घेऊन. मला आतलं सगळं दिसत होतं.

शैलाताई गल्ल्यामागून उठल्या, तोवर कौसाबाईंनी त्यांना मिठीच मारली. पदराआडचं तोंड ताईंना ओळखू येईना, त्या विचारत होत्या, कोण तुम्ही, काय झालं? कौसाबाई म्हणाल्या, “जानारा गेला माय, आता तू घट्ट हो.”

ताईंचा नवरा सकाळीच सायकलवर पाणी आणायला गेला होता. तुम्ही विचार करा. सात अनोळखी बायका दारात रडत येतात, बाहेर आख्खी गल्ली जमलेली, आणि एक म्हातारी म्हणते जाणारा गेला. ताई खाली बसल्या.

तेव्हा वहिनी पुढं झाली. ताईंच्या मांडीवर हळदी कुर्ता ठेवला आणि त्यांचा हात धरून त्याच्यावर ठेवला.

“माझा मालक गेला तवा अकरा लुगडी आली, ताई. एकालाबी रंग न्हवता,” ती म्हणाली. “दोन वर्सं मी त्येच नेसते. तुमाला तसं हू नये म्हनून आनलं. मानूस जातंय. डोळे तर आपलेच ऱ्हातेत ना.”

आणि एवढं बोलून वहिनी रडली. सूर लावून नाही. अण्णाला आणलं तेव्हा जी रडली नव्हती ती त्या परक्या दुकानात, परक्या बाईचा हात धरून, तोंड वेडंवाकडं करून रडली. मी पातेल्यात बघत उभा राहिलो. पिठल्यावर साय धरली होती.

तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी माझ्या खांद्याला हात लावला.

“बाळ, काय झालं इथं?”

मी वळलो. समोर फोटोतला माणूस. तेच नाक, तोच चष्मा. हातात सायकल, सायकलला दोन्हीकडं पाण्याचे कॅन.

आता इथं एखाद्या शहाण्यानं काय केलं असतं? ‘सर, तुम्ही जिवंत आहात’ म्हणाला असता. ‘काही नाही झालं’ म्हणाला असता. एवढंच, काहीही म्हणाला असता. मला जे एकच येतं ते मी केलं. मान खाली घातली.

सरांनी माझी मान पाहिली. घरातलं रडणं ऐकलं. गर्दी पाहिली. घरात त्यांच्या मागं एकच माणूस होतं. त्यांच्या हातातून सायकल सुटली. दोन्ही कॅन आडवे झाले, दोन्हींची झाकणं उडाली आणि ते पाणी, जे त्यांनी सकाळपासून रांगेत उभं राहून भरलं होतं, गल्लीतल्या मातीत गेलं. कुणी कॅन उचलायला वाकलं नाही. मी पाच दिवसांपूर्वी सरांना मारलं होतं, आता ताईंनाही मारलं.

सर लोकांना ढकलत आत गेले. बायका बाजूला झाल्या. खाली बसलेल्या ताईंनी वर पाहिलं.

“तू आहेस?” सर म्हणाले.

“तुम्ही आहात?” ताई म्हणाल्या.

ताईंनी सरांचं मनगट धरलं ते सोडेनात. कौसाबाईंचा सूर अर्ध्यातच थांबला होता, तोंड उघडंच.

मग हळूहळू सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

“दत्तू,” कौसाबाई म्हणाल्या, “तुला कुनी सांगितलं होतं रे?”

“कुनी न्हाई.”

“मग?”

मी बोट वर केलं. सगळ्यांनी फोटो पाहिला, हार पाहिला, सर पाहिले.

तो हार सत्काराचा होता. सर गेल्याच पंधरवड्यात निवृत्त झाले तेव्हा पोरांनी फोटो दिला आणि गळ्यात चंदनाचा हार घातला. हाराला वास छान म्हणून ताईंनी तो तिथंच खिळ्याला अडकवला. डोळे लाल कशानं, तर त्या आठवड्यात निम्म्या बीडचे डोळे आले होते. कडुनिंबाच्या पाण्यानं सारखं तोंड धुवायचं, म्हणून कुंकू नव्हतं. उजेड सोसत नव्हता, म्हणून शटर अर्धं. आणि त्या दोन बायका टँकरची वाट बघत बसल्या होत्या. टँकरची वाट बघणारा माणूस आणि मयताला आलेला माणूस त्या साली सारखाच दिसायचा, ही काही माझी चूक नव्हती. पण हे मी तिथं बोललो नाही.

ताईंनी मला ओळखलं. “हाच तो. पाणी दिलं तर हातानं झिडकारलं. जाताना ‘येतो’ म्हणायची रीत नाही. मी सरांना म्हटलं पण, काय माजोरी पोरगा आहे.” मग त्यांचा आवाज चढला. म्हणाल्या, माझ्या दारात हे अशुभ घेऊन आलात, आख्ख्या गल्लीत शोभा केली, दिवसभराचं पाणी मातीत घातलं. निघा इथून.

बायका उठल्या. कौसाबाईंनी हात जोडले, एवढंच म्हणाल्या, “आता सरांचं आयुष्य वाढलं बघा,” पण कुणी हसलं नाही. मी वहिनीकडं बघू शकलो नाही. मला खोपी दिसत होती, पाचट दिसत होतं, पिंकीचं दप्तर खुंटीला दिसत होतं. दुखवट्याला आणलेलं वस्त्र जित्याच्या घरात ठेवायचं नाही, म्हणून वहिनी कुर्ता घ्यायला वाकली.

कुर्ता येईना. ताईंच्या मुठीत होता.

“राहू दे,” ताई म्हणाल्या. मग त्यांनी तो उलटा केला. आतली शिलाई बघितली, काठ नखानं ओढून बघितला, बगलेजवळची घडी उलगडली. दुकानदारच त्या. नवरा परत मिळून पाच मिनिटं झाली नव्हती आणि शिवण तपासत होत्या. “हा तू शिवलास?”

वहिनीनं मान हलवली. आमच्या घराचीच खोड ती.

“दोन मिनटं मला खरंच वाटलं, गेले म्हणून,” ताई हळू आवाजात म्हणाल्या. “आणि हात ह्याच्यावर होता.” त्या थोडा वेळ दुकानाकडं बघत राहिल्या. बिस्किटी, राखाडी, मोतिया. “हे सगळं मी कशाला भरून ठेवलंय गं? कोण मेलंय इथं?”

आणि त्यांनी तो कुर्ता साडीवरूनच अंगात चढवला. सुजलेले लाल डोळे, विस्कटलेले केस आणि हळदी रंगावर राणी काठ. सर बघत राहिले. चष्मा काढून पुसला, परत लावला.

“तीस वर्षं सांगतोय, जरा उजळ रंग घाल,” ते म्हणाले. “त्यासाठी मला मरावं लागलं.”

मग मात्र कौसाबाई हसल्या, आणि रडण्यापेक्षा मोठ्यानं. सरांनी माझ्या खिशातून डोकावणारा कागद मागून घेतला. स्वतःच्या मरणाचा ठराव उभ्यानं वाचला. “अल्पशा आजारानं? मला साधी सर्दी नाही रे,” म्हणाले. सवयीनं खिशातलं पेन काढून दोन वेलांट्या सुधारल्या, कागद मला परत दिला आणि म्हणाले, “अक्षर मात्र छान आहे.” पिठलंही त्यांनीच वाढून घेतलं. ताई नको म्हणत होत्या, सुतकाचं आहे ते. सर म्हणाले, माझ्याच नावानं केलंय, मीच खातो. भाकरी मोडताना त्यांनी विचारलं, पीठ कुणाचं? कौसाबाईंनी सांगितलं, बारा घरचं. सरांचा घास जरा वेळ हातातच राहिला.

ताईंनी सौदा उभ्याउभ्या केला. नवरात्राच्या नऊ दिवसांचे नऊ रंग, प्रत्येकाचे दहा कुर्ते, घट बसायच्या आत. नोकरदार बायका त्या दिवसांत रोज ठरलेला रंग घालतात आणि दरवर्षी ताईंच्या दुकानातून पाठ फिरवून दुसरीकडं जातात. आता नाही जाणार, म्हणाल्या. संक्रांतीचं पुढं बघू. अट एकच, माल घेऊन हा पोरगा आला तर आधी दारात उभा राहून काहीतरी बोलेल.

सगळं सुटलं असं समजू नका. नव्वद कुर्त्यांत बारा घरं चालत नाहीत. आमच्यातल्या पाच जणी त्या साली तोडीला गेल्याच. त्यातल्या एकीची मशीन सहा महिने झाकलेली होती. पण त्या संध्याकाळी मुकादम ओट्यावर बसलेला असताना वहिनी जीपमधून उतरली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “न्हाई.” पिंकी आतून ऐकत होती.

आणि मी? मी गल्लीत सांडलेले ते दोन कॅन परत भरून दिले. टँकरच्या रांगेत दीड तास उभा होतो. कुणीतरी विचारलं, सरांच्या घरी काय झालंय म्हणे? मी मान खाली घालणार होतो, पण वेळेत वर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौसाबाईंनी पुन्हा तातडीची सभा घेतली. प्रोसिडिंगचं पान फाडता येत नाही, पानांना नंबर असतात. त्यामुळं मी लिहिलं, ‘ठराव क्रमांक पाच. आदरणीय सर हयात असल्याचे सभासदांनी समक्ष पाहिल्यामुळे ठराव क्रमांक चार रद्द करण्यात येत आहे.’ शिक्का मारला, पेनाला टोपण लावलं.

“थांब,” वहिनी म्हणाली. “अजून एक लिव्ह.”

तिनं सांगितलं, मी लिहिलं. ‘ठराव क्रमांक सहा. यापुढे सचिवाने कोणाच्याही घरी गेल्यावर प्रथम तोंड उघडून, सगळे बरे आहेत का, असे विचारावे. सूचक रेखाबाई, अनुमोदक कौसाबाई.’

कौसाबाईंनी सभेकडं बघून विचारलं, कुणाचा विरोध हाय का?

माझा होता. मी तोंड उघडायचा फार प्रयत्न केला. मग खाली बघून लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर’.